संग्रामपुरातला समुद्र

समुद्र या विषयावरचा आशिया खंडातला शेवटचा शब्द ज्याला ऐकायचा असेल, त्यानं मुंबई, मद्रास, कोलंबो असली फुटकळ गावं टाळून सरळ नांदुऱ्याला उतरावं, तिथून संग्रामपूरची गाडी धरावी आणि बाजार ओलांडल्यावर माझ्या मामेसासऱ्यांचं घर विचारावं. कोणीही दाखवेल. दाखवताना गालातल्या गालात हसेल, ते मनावर घेऊ नये. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. अंगानं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीसारखे, आवाज मात्र असा की त्यांनी घरात ‘चहा’ म्हटलं की शेजारच्या दोन घरांत आधण चढतं. चीन, जपान, जावा, सिलोन आणि इराण इथल्या चित्रकारांनी समुद्र कसकसा काढला, हे ते पाहुण्याच्या हातात पाण्याचा गिलास देण्याआधी सांगायला लागतात, आणि पाहुणा परतीच्या गाडीत बसला तरी त्यांचं जहाज जाव्याच्या पुढं गेलेलं नसतं. आणि या माणसानं समुद्र जन्मात पाहिलेला नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे पुरातली पूर्णा, तीही पुलावर उभं राहून, छत्री सांभाळत.

लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मला हे काही ठाऊक नव्हतं. मी मूळचा वडनेर भोलजीचा, हमरस्त्यावरचा माणूस; मला ट्रक कळतात, जहाजं कळत नाहीत. पंगत बसली, ताटात पिठलं पडलं आणि मामा माझ्या शेजारी येऊन बसले. मला वाटलं, जावयाला आग्रह करायला आले. त्यांनी सरळ माझ्या पिठल्यात बोट घातलं. म्हणाले, इराणातला चित्रकार पाणी असं काढतो, माशाच्या खवल्यासारखं, आणि त्यांनी काठाकाठानं खवले उठवले. जपानी माणूस लाटेला नखं काढतो. त्यांनी मधोमध एक लाट उभी केली, तिला नखं काढली. चिनी माणूस मात्र काहीच काढत नाही, कागद कोरा सोडतो आणि कोपऱ्यात एक लहानशी नाव ठेवतो की बघणाऱ्याला आपोआप पाणी दिसतं. कोरा कागद दाखवण्यासाठी त्यांनी माझ्या ताटाचा एक भाग भाकरीच्या तुकड्यानं पुसून स्वच्छ केला आणि तो तुकडा स्वतः खाल्ला. त्या दिवशी मी आशियाचं दर्शन घेऊन उपाशी उठलो.

मामींना या सगळ्याची सवय होती असं म्हणवत नाही. त्यांनी त्याच्याशी तह केला होता. मामी म्हणजे उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की समोरचा दोन दिवस तेच चघळत बसेल अशा. त्या दिवशी वाढता वाढता मला म्हणाल्या, “जवाईबुवा, तुमच्या मामाले जपानात पाणी किती हाय ते इचारा, बरोबर सांगतीन. घरातल्या माठात किती हाय ते मात्र मलेच इचारा.”

माठाचा विषय साधा नव्हता. आमचा हा सगळा पट्टाच खारपाण्याचा. विहीर खणा, बोअर मारा, लागतं ते मिठाचं पाणी. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि चहा केला तर पाहुणा पुन्हा येत नाही. गोडं पाणी सातपुड्याकडून नळानं येतं, आलं तर. उन्हाळ्यात टँकरनं येतं. बाकी गाव या खाऱ्या पाण्याला शिव्या देतं. मामा एकटेच छाती काढून फिरतात. त्यांचं म्हणणं असं की समुद्र मूळचा संग्रामपूरचा. “इथंच राह्यत होता तो. घर सोडून गेला, मीठ इथंच ठुलं. म्हणजे परत यायचा इचार हाय त्याचा.” आणि लोणारचं खारट तळं? ते त्याचं आजोळी राहिलेलं पोरगं. एकदा मला तिथं घेऊन गेले आणि त्या हिरव्या, उग्र वासाच्या पाण्यात बोट बुडवून ते मला चाखायला लावलं. चाखलं. पोरगं फार लाडावलेलं आहे एवढंच माझं मत झालं.

शाळेत असताना दरवर्षी सहल काढायची जबाबदारी त्यांच्याकडे असे आणि ती सहल दरवर्षी अजिंठ्यालाच जाई. बाकीचे मास्तर पोरांना बोधिसत्त्व दाखवायचे, छतावरची फुलं दाखवायचे. मामा आपल्या वर्गाला घेऊन थेट त्या भिंतीपाशी, जिथं एक गलबत काढलेलं आहे: शिडं फुगलेली, माठ ओळीनं मांडलेले, खाली पाण्यात मासे. तिथं ते पोरांना बसवायचे आणि सगळा वेळ तिथंच घालवायचे. पहारेकऱ्यानं एकदा विचारलं म्हणे, की गुरुजी, बाकीची लेणी नाही पाहायची का? मामांनी त्यालाही बसवून घेतलं. या शिकवणुकीचा परिणाम असा झाला की आमच्या तालुक्यातल्या निम्म्या शिकल्यासवरल्या लोकांना अजिंठा हे बंदर आहे असं अजून वाटतं. त्यांचा एक विद्यार्थी पुढं नोकरीच्या मुलाखतीत भारतातली मोठी बंदरं सांगताना मुंबई, कांडला, अजिंठा असं म्हणाला आणि त्याला नोकरी मिळाली, कारण मुलाखत घेणाराही मामांचाच विद्यार्थी निघाला. हे मी पाहिलेलं नाही, पण ऐकवणारा माणूस शपथ घ्यायला तयार होता.

थट्टा बाजूला ठेवतो. मामांच्या बोलण्याच्या मुळाशी एक गोष्ट होती आणि ती कोणी हसून उडवावी अशी नव्हती. ते म्हणायचे, देश वेगळे दिसतात ते जमिनीवरून पाहिलं तर. पाण्यावरून पाहा. अजिंठ्याच्या भिंतीवरचं गलबत, कोकणातल्या वीरगळांवर कोरलेल्या नावा, सिलोनच्या विहारांत रंगवलेलं बोधिवृक्षाची फांदी नेणारं जहाज, जाव्यातल्या दगडावरचं मोठ्या शिडांचं जहाज, चिनी कागदावरची ती एकुलती नाव, जपानी लाटेखाली दबकून बसलेले नावाडी, ही सगळी एकाच पाण्यावर आहेत. माल गेला, माणसं गेली, धम्म गेला, आणि त्या सगळ्यांच्या सामानात लपून लाट काढायची रेघसुद्धा गेली. “रेघ विनातिकिटाची जाते,” असं ते म्हणायचे, आणि म्हणताना त्यांची मान अशी ताठ व्हायची की जणू ती रेघ त्यांनी स्वतः बंदरावर सोडायला जाऊन हात हलवला होता.

मग स्वतः समुद्र का पाहत नाही, हे मी एकदा विचारलं. माझी अलिबागला ओळख होती, राहायची सोय होती. मामांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी त्यांना दारू पाजायला निघालो आहे. “समुद्र पाहून आलेले लोक काय काढतात माहीत हाय का? नारळाचं झाड अन् बुडता सूर्य. मले नाही जायचं.” त्यांची लाट आली होती शेतातून. वखरणी झाल्यावर सातपुड्याच्या पायथ्याशी उभं राहिलं की काळ्या मातीच्या ओळी दूरपर्यंत वळत वळत जातात. लहानपणी बापाच्या वखरावर बसून त्यांनी त्या पाहिल्या होत्या. तीच त्यांची पहिली लाट. बाकीच्या साऱ्या त्यांनी जुन्या कॅलेंडरांतून, वाचनालयातल्या फाटक्या मासिकांतून आणि अजिंठ्याच्या भिंतीवरून गोळा केल्या. या सगळ्या लाटा एकाच भिंतीवर, हात न उचलता, एका रेघेत काढायच्या, हे त्यांच्या आयुष्याचं एकच मागणं होतं. घराच्या भिंतींवर त्यांनी सराव करून पाहिला होता, पण मामींनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आशिया खंड अडवला.

मग संग्रामपूरच्या आमच्या बुद्धविहाराचा नवा सभामंडप बांधून झाला. आत एक भिंत, ही लांब, एक खिडकी नाही. समितीनं ती मामांना दिली. समितीचे अध्यक्ष वीज खात्यातून निवृत्त झालेले, मामांचे जुने विद्यार्थी, चित्रकलेच्या तासाला मार खाल्लेले. तरी त्यांनीच नाव सुचवलं. त्यांच्या मनात कमळाचं तळं, दोन हरणं आणि मधे ध्यानस्थ बुद्ध असं होतं. मामांनी बैठकीत सांगून टाकलं की समुद्र येणार. अध्यक्ष चाचरत म्हणाले, “सर, विहारात समुद्र कायले?”

मामा म्हणाले, “धम्म सिलोनले काय एस्टीनं गेला का बे?”

ठराव मंजूर झाला.

तो उन्हाळा मामांच्या आयुष्यातला सणच होता. दाराजवळून त्यांनी अजिंठ्याचं गलबत सोडलं. त्याच्या खालची लाट अजिंठ्याची, मऊ, माशांनी भरलेली. तीच रेघ पुढं गेली आणि सिलोनच्या जहाजाखाली आली. जहाजावर बोधिवृक्षाची फांदी असलेली कुंडी घेऊन एक भिक्षुणी उभी, आणि ती कुंडी तिनं कशी धरलेली? आमच्या बाया विहिरीवरून घागर आणतात तशी, कमरेवर, एक हात सैल सोडून. तीच रेघ पुढं जाव्याला दोरासारखी पिळली गेली, चीनपाशी येऊन पार विरली, नुसती भिंत उरली, आणि भिंतीच्या शेवटी जपानात अशी उसळली की छताला लागते की काय असं वाटावं. एवढ्या सगळ्या पाण्यावर बुद्ध कुठंच बसलेला नव्हता. प्रत्येक जहाजाच्या शिडावर मात्र एक लहानसं धम्मचक्र होतं. पिंपळगाव राजाहून, वडनेरहून लोक पाहायला आले. मी तर येईल त्याला भिंतीपर्यंत घेऊन जायचो आणि ‘आमचे मामा’ असं म्हणून असा उभा राहायचो की काही जणांनी मलाच चित्रकार समजून हात मिळवला. मी मिळवू दिला.

चूक झाली ती पाण्यात. खारपाणपट्ट्यात शेंबडं पोरही जाणतं की चुना आणि पुडीचे रंग विहिरीच्या पाण्यात कालवायचे नाहीत. भिंतीला खार फुटतो. अध्यक्षांनी त्यासाठी गोड्या पाण्याचा एक टँकर विहारापाशी उभा करून दिला. मामांनी तो गल्लीतल्या बायांना रिकामा करून घ्यायला लावला आणि रंग विहिरीच्या पाण्यात कालवले. मला त्याची दोन कारणं त्यांनी सांगितली. एक असं की मे महिन्यात लोकांच्या घशातलं पाणी भिंतीला पाजणं बरं नाही. दुसरं कारण त्यांनी जरा आवाज खाली आणून सांगितलं: “समुद्र काय गोड्या पाण्यानं काढायचा?” दोन्ही कारणं खरी होती. पहिल्याबद्दल गावानं त्यांना दुवा दिला आणि दुसऱ्यानं घात केला.

पावसाळा संपताना भिंतीवर पांढरं येऊ लागलं. आधी सिलोनच्या जहाजाच्या तळाशी, मग जिथं जिथं मामांनी लाटेच्या माथ्यावर पुन्हा पुन्हा हात फिरवले होते तिथं. हिवाळ्यात पापुद्रे सुटायला लागले. खाली फरशीवर सकाळी निळ्या रंगाची पूड पडलेली असे आणि झाडणारी बाई ती केरात टाकायला धजत नसे. कोपऱ्यात कागदावर गोळा करून ठेवत असे. मामांनी विहारात जाणं सोडलं नाही, पण बोलणं सोडलं. ज्या माणसाच्या आवाजानं शेजारी आधण चढायचं, त्याच्या घरी आता चहा मागायला खुणेची वेळ आली. मी गेलो तर पाण्याचा गिलास मुकाट्यानं हातात आला आणि मी तो मुकाट्यानं प्यालो. इतकं बेचव गोडं पाणी मी आयुष्यात प्यालो नसेन.

वैशाख पौर्णिमा जवळ आली. बाहेरगावचे भन्ते येणार, पाहुणे येणार, आणि भिंतीवर ही कळा. समितीची बैठक भिंतीसमोरच बसली. अध्यक्ष वाईट माणूस नव्हे. त्यांनी मान खाली घालून सांगितलं की भिंत खरवडून टाइल्स लावाव्या लागतील, कमळाच्या नक्षीच्या टाइल्स खामगावला पाहून ठेवल्यात, पुसायलाही सोप्या. सगळ्यांना माहीत होतं की त्या माणसाच्या आयुष्यात ही एकच भिंत होती आणि दुसरी मिळणार नव्हती. मामा उठले. मला वाटलं, आता एस्टीवाल्या उत्तरासारखं काहीतरी येणार. ते म्हणाले, “खरवडा. चूक माही हाय. मले माहीत होतं,” आणि खाली बसले. बसताना त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही.

मामी बायांच्या बाजूला बसल्या होत्या. बैठकीत त्या कधी बोलल्याचं कोणाला आठवत नाही. त्या उठल्या, पदर खोचला, सरळ भिंतीपाशी गेल्या, सिलोनच्या जहाजाखालच्या पांढऱ्या खारावर बोट फिरवलं आणि ते बोट जिभेवर ठेवलं. मामींनी चव घेतली, सावकाश, कालवणाची घेतात तशी.

“खारट हाय,” त्या म्हणाल्या. “मंग समुद्रच झाला ना हा. दुसऱ्या कोणाच्या चित्रातला समुद्र खारट हाय, ते दाखवा मले.”

अध्यक्ष म्हणाले, “मामी, पण पापुद्रे पडून राह्यले.”

“पडू द्या. सारी जिनगी मी या पाण्यात डाळ शिजवली, कधी शिजली नाही. केस धुतले, ते गेले. या पाण्यानं आमचं एक काम धड केलं नाही. आता पहिल्यांदा कुठं कामाले आलं, तं तुमी तेच पुसता.”

त्या जागेवर येऊन बसल्या. मग शेजारची एक म्हातारी उठली, तिनं बोट लावलं, चाखलं आणि मान डोलावली. तिच्या मागून दुसरी. बघता बघता बायांची रांग लागली. जन्मभर जे पाणी डोक्यावरून आणलं ते भिंतीवर लाटेचा फेस होऊन बसलंय, हे ज्या त्या बाईला स्वतःच्या जिभेनं तपासायचं होतं. आणि खरोखर, दारातून उजेड आत आला तेव्हा मी नीट पाहिलं: लाटांच्या माथ्यांवर खार असा फुलला होता, बारीक, कोरडा, चमकणारा, की तसा फेस काढायला जपानातल्या चित्रकारालाही संग्रामपूरची विहीर विकत घ्यावी लागली असती. अध्यक्षांनी शेवटी स्वतः बोट लावलं. चाखून झाल्यावर त्यांनी एवढंच जाहीर केलं की टाइल्स मागच्या न्हाणीला लावू.

मामा तेव्हा काय करत होते, हे मी पाहिलं. ते भिंतीकडे पाहत नव्हते, मामींकडे पाहत होते. ज्या बाईनं आशियाला उंबऱ्यावर अडवलं होतं, ती भर सभेत त्याची राखण करून शांतपणे पदर सारखा करत होती. घरी जाताना मामा तिच्या एक पाऊल मागून चालले, आणि मला ते दृश्य त्या भिंतीवरच्या कोणत्याही जहाजापेक्षा डौलाचं वाटलं. वैशाख पौर्णिमेला भन्त्यांनी भिंत पाहिली. काय आहे म्हणून विचारलं, तर अध्यक्षांनीच छाती काढून सांगितलं, “समुद्र हाय. आमच्या विहिरीचा.”

याला आता बरीच वर्षं झाली. भिंत तशीच आहे, म्हणजे तशी नाही. खार दर पावसाळ्यात खालून थोडा वर चढतो. अजिंठ्याच्या गलबतावरचे माठ गेले, जाव्याच्या दोरांना भोकं पडली. समितीनं दोनदा म्हटलं की सर, गोडं पाणी आता नळाला बरं येतं, डागडुजी करून घ्या. मामा करत नाहीत. हात कापतो हे एक झालं. मामी गेल्या, हे दुसरं. तेव्हापासून त्यांनी कुंचला धरलाच नाही. दुपारी विहारात जातात, प्लास्टिकची खुर्ची घेतात आणि एखाद्या जहाजासमोर बसून राहतात. शाळेची पोरं आली की आवाज पुन्हा चढतो, पण पूर्वीसारखा नाही. आता शेजारच्या एकाच घरात आधण चढत असेल.

मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा ते सिलोनच्या जहाजासमोर बसले होते. जहाज नव्हतं. शीड, फांदी, कमरेवर कुंडी घेतलेली भिक्षुणी, सारं पांढऱ्यात विरलं होतं. तिथं भिंत अशी कोरी झाली होती की चिनी चित्रकारानं मुद्दाम सोडावी. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, मामा, जहाज गेलं.

त्यांनी वर पाहिलंही नाही. बोटानं त्या जागेचा खार जरासा चाचपला.

“गेलं नाही जवाईबुवा,” ते म्हणाले. “पोचलं.”

मग उठले, खुर्ची उचलली आणि जाव्याच्या जहाजासमोर नेऊन मांडली.